दोन गोल्डफिशसाठी सोलापुरात योग्य टाकी कशी उभारावी?

शेवंती

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी माझ्या मुलीचा नववा वाढदिवस झाला आणि तिच्या मामाने तिला काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश आणून दिले. एक पांढराशुभ्र असून त्याच्या डोक्यावर लाल टोपीसारखा फुगीर भाग आहे. दुसरा संपूर्ण काळा असून त्याचे डोळे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले आहेत. भांड्यात जेमतेम सहा लिटर पाणी मावते. पंधरा दिवसांतून एकदा पाणी बदलावे आणि दिवसातून दोनदा चिमूटभर दाणे टाकावेत, यापलीकडे काही करावे लागत नाही, असे दुकानदाराने सांगितले होते.

प्रत्यक्षात तिसऱ्याच दिवशी पाणी दुधाळ झाले आणि पांढरा मासा वर तोंड काढून सतत हवा गिळू लागला. मी घाबरून सगळे पाणी ओतून दिले, भांडे साबणाने घासले आणि नळाचे ताजे पाणी भरले. संध्याकाळपर्यंत त्याला बरे वाटल्यासारखे दिसले, पण काल सकाळी पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. काळा मासा तर तळाशी एका जागी बसून राहतो. मुलगी शाळेतून आली की दप्तर न काढताच त्या भांड्यापाशी जाते आणि मासे आज कसे आहेत, हे मला विचारते. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून येथे विचारते आहे.

आम्ही शहरातील जुळे सोलापूर या भागात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट स्लॅब आहे. महापालिकेचे पाणी आमच्या भागात चार-पाच दिवसांआड येते, ते आम्ही पिंपांत भरून ठेवतो. वापराचे पाणी बोअरचे असून ते इतके जड आहे की बादल्यांना आणि तोट्यांना पांढरा थर बसतो. पिण्यासाठी आरओ यंत्र आहे. या तिन्हींपैकी माशांना कोणते पाणी द्यावे? टाकी किती मोठी घ्यावी आणि कोठे ठेवावी? उन्हाळा तोंडावर आला आहे आणि मे महिन्यात आमच्या बैठकीच्या खोलीत दुपारी बसवत नाही, त्याचे काय करावे? टाकी स्वच्छ राहावी म्हणून सोबत सकर मासा घ्या, असेही दुकानदार सुचवतो आहे. खर्चाची तयारी आहे, परंतु चुकीची वस्तू आणून पुन्हा दुसरी आणण्याची वेळ येऊ नये.

बाराबंदी

शेवंतीताई, टाकीचे बोलण्याआधी आज रात्रीच करावयाच्या गोष्टी सांगतो. दोन दिवस दाणे पूर्ण बंद ठेवा. गोल्डफिश उपाशी राहून दोन दिवसांत मरत नाही, मात्र न खाल्लेले दाणे कुजल्यामुळे नक्की मरतो. मासे त्या भांड्यातून काढून रुंद तोंडाच्या चाळीस-पन्नास लिटरच्या टबात ठेवा. टब नवा असावा किंवा केवळ पाण्यासाठी वापरलेला असावा, कधीही साबण अथवा डिटर्जंट लागलेला नसावा. त्यात एक साधा एअर पंप आणि हवेचा दगड सोडा. पिंपात दोन दिवस साठवलेले नळाचे पाणी घ्या आणि रोज सकाळी टबातील तिसरा हिस्सा पाणी बदला. सगळे पाणी एकदम बदलू नका. जुन्या आणि नव्या पाण्याच्या तापमानात व गुणात जो फरक पडतो, त्याचा धक्का आजारी माशाला सोसत नाही.

तुमच्या वर्णनावरून पांढरा मासा रेड कॅप ओरांडा आहे आणि काळा ब्लॅक मूर. दोघेही गोल अंगाचे आणि संथ पोहणारे असल्यामुळे एकत्र चांगले राहतात. त्यांच्या सोबतीला लांब अंगाचा कॉमेट जातीचा गोल्डफिश कधीही आणू नका. तो चपळ असतो आणि मूरला नीट दिसत नसल्यामुळे सगळे खाणे तोच संपवतो. हे दोन मासे आज तुमच्या अंगठ्याएवढे असतील, पण नीट सांभाळले तर पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे होतात आणि दहा-पंधरा वर्षे जगतात. म्हणजे तुमची मुलगी महाविद्यालय पूर्ण करील तेव्हाही हे घरात असू शकतात. टाकी त्या माशांसाठी घ्यावयाची आहे, आजच्या अंगठ्याएवढ्या माशांसाठी नव्हे. भांडे लहान असले की मासाही लहानच राहतो, असे पुष्कळ लोक समाधानाने सांगतात. त्याची वाढ खुंटते हे खरे आहे, परंतु ती घाणीत राहिल्यामुळे खुंटते आणि असा मासा फार जगत नाही.

माझा सल्ला असा, की तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी साधी चौकोनी टाकी करून घ्या. वरचे दोन इंच मोकळे सोडले तरी त्यात सुमारे ११५ लिटर पाणी राहते, म्हणजे तुमच्या भांड्याच्या एकोणीसपट. उंच आणि अरुंद टाकी खोलीत शोभून दिसते, पण माशाला लागते ती लांबी आणि पाण्याचा मोकळा पृष्ठभाग, कारण हवेतील प्राणवायू पाण्यात उतरतो तो पृष्ठभागातूनच. गोल भांड्याचे तोंड निमुळते असल्यामुळे नेमकी तीच वाट बंद होते. इटलीतील रोम शहराने तर २००५ साली अशा गोल भांड्यांत गोल्डफिश ठेवण्यास बंदी घातली.

काच ८ मिलिमीटरची घ्या. टाकी बनवणाऱ्याला बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका असे स्पष्ट सांगा, कारण त्यातील द्रव्य माशांना घातक असते. सांधे भरल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो; तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, टाकी कोरडी राहू द्या, मग पाणी भरून एक दिवस गळती पाहा आणि ते पाणी फेकून द्या. भरलेल्या टाकीचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, त्यामुळे टीव्हीच्या टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर ती ठेवता येणार नाही. लोखंडी स्टँड करून घ्या, तो भिंतीलगत ठेवा, स्पिरिट लेव्हलने समतल करा आणि काचेखाली थर्माकोलचा शीट घाला; स्टँडचा एखादा उंचवटा काचेच्या एकाच जागी टोचत राहिला तर तळ तडकतो.

तळाशी रंगीत बारीक खडी टाकू नका. गोल्डफिश दिवसभर तळ तोंडाने उकरत असतो आणि वाटाण्याएवढा खडा त्याच्या घशात अडकतो. एक तर तळ मोकळा ठेवा, नाहीतर त्याच्या तोंडात मावणार नाहीत असे नदीतले गुळगुळीत गोटे धुऊन घाला. शंख, शिंपले, प्लॅस्टिकची टोकदार झाडे, पोखरलेले किल्ले यांपैकी काहीही नको. बारा वर्षांपूर्वी मी हौसेने एक मोठा शिंपला टाकीत ठेवला होता आणि माझ्या पहिल्या मूरने त्याच्या कडेवर एक डोळा कायमचा गमावला. त्यानंतर तो सहा वर्षे जगला, पण दाणे पडल्यावर नेहमी एकाच बाजूने वळून शोधत राहायचा, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. झाडे हवी असतील तर अनुबियास आणि जावा फर्न लावा. त्यांची पाने चिवट असतात, शिवाय ती मातीत न रोवता दगडाला दोऱ्याने बांधता येतात.

सकर मासा मात्र अजिबात घेऊ नका. लहानपणी तो काचेवरचे शेवाळ खातो हे खरे, पण मोठा झाल्यावर फूटभराचा होतो आणि रात्री संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर खरवडतो. त्या जागी जखम होते आणि जखमेवर बुरशी धरते. स्वतः घाण करणारा आणखी एक मासा आणल्याने टाकी स्वच्छ होत नाही. पुढेमागे एखादा मासा सांभाळणे शक्य झाले नाही, तर तो सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडू नका, कोणा पाळणाऱ्याला द्या. गोल्डफिश मूळचा चीनमधला आहे. आपल्या तळ्यात तो टिकला तर तळ ढवळून पाणी गढूळ करतो आणि तेथील माशांचे खाणे घेतो.

फिल्टर म्हणून दोन मोठे बायोस्पंज घ्या, ते एअर पंपावर चालतात. माझ्या टाकीत चार वर्षे चाललेला एक स्पंज मी तुम्हाला आनंदाने देईन. त्याचे मोल किती आहे, ते येथील आमच्या रसायनशास्त्राच्या बाई माझ्यापेक्षा चांगले सांगतील. पाण्यात मूठभर खडे मीठ मात्र कायम असू द्या, माझा तो जुना अनुभव आहे.

प्रयोगशाळा

बाराबंदी काकांनी उल्लेख केला म्हणून लिहिते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि घरी अकरा वर्षे गोल्डफिश पाळते.

शेवंतीताई, तुमच्या भांड्यात जे घडले ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक कृती आपोआप सुचेल. मासा खातो त्यातील प्रथिनांचा निचरा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने करतो. हा अमोनिया कल्ले जाळतो, म्हणून मासा वर येऊन हवा गिळतो. जुन्या टाकीत काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असल्यामुळे आठवड्याच्या पाणीबदलात ते काढून टाकता येते. नायट्राइट हे अमोनियाइतकेच वाईट आहे. ते रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजवर, काचेवर, गोट्यांवर चिकटून राहतात. नव्या भांड्यात ते नसतात, आपोआप तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि साबणाने भांडे घासल्यावर जे काही थोडे रुजले असतील तेही गेले. काकांचा चार वर्षांचा स्पंज म्हणजे हे सगळे जिवाणू आयते मिळाल्यासारखे आहे. तो त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा, वाटेत सुकू देऊ नका आणि घरी आल्या आल्या टबात चालू करा. पुढे तो मळला की काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोनदा पिळून घ्या. नळाखाली कधीही धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात.

आता पाण्याविषयी. आरओचे पाणी सर्वांत शुद्ध, म्हणून सर्वांत चांगले, असे बहुतेकांना वाटते. माशांच्या बाबतीत ते उलटे आहे. गोल्डफिश मुळात क्षारयुक्त, किंचित अल्कधर्मी पाण्यातला मासा आहे. सामू म्हणजे पीएच ७ ते ८.४ या दरम्यान त्याला मानवतो. वर सांगितलेले जिवाणू काम करताना पाण्यातील कार्बोनेट खर्च करत असतात. आरओच्या पाण्यात कार्बोनेट जवळजवळ नसतेच, त्यामुळे काही आठवड्यांत सामू एकदम कोसळतो आणि जिवाणूंचे कामही थांबते. तुमच्या बादल्यांना थर आणणारे बोअरचे जड पाणी, ज्याला आपण सोलापुरात एवढी नावे ठेवतो, ते या माशासाठी चांगले आहे. फक्त एकदा त्यातील नायट्रेट तपासा, कारण काही बोअरमध्ये ते मुळातच फार असते, आणि बोअरचे पाणी काढल्यावर रात्रभर हवेचा दगड सोडून ठेवा, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. सॉफ्टनरमधून आलेले पाणी घेऊ नका.

मी स्वतः अर्धे उजनी धरणाचे नळाचे आणि अर्धे बोअरचे पाणी मिसळून वापरते. प्रमाण कोणतेही ठेवा, पण ठेवाल ते दर आठवड्याला तेच असू द्या. माशाला अमुकच पाणी लागते असे नाही, त्याला रोज बदलणारे पाणी त्रास देते. नळाचे पाणी चार-पाच दिवसांआड येते, ही आपली अडचण येथे उपयोगी पडते, कारण उघड्या पिंपात एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातील साधा क्लोरीन उडून जातो. तरीही पाणी आल्याच्या दिवशीच बदलण्याची वेळ आली, किंवा सोसायटीच्या हौदात कोणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असली, तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब घातल्याशिवाय ते टाकीत घालू नका. दर आठवड्याला तीस लिटर, म्हणजे साधारण चौथा हिस्सा बदला. काढलेले पाणी मोरीत जाऊ देऊ नका. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खत आहे, माझी जास्वंद त्यावरच वाढली आहे.

क्षारयुक्त पाण्याची एक बाजू मात्र ध्यानात ठेवा. पाण्यातील अमोनियाचा विषारी भाग सामू आणि तापमान यांच्याबरोबर वाढतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, आणि तेच पाणी ३२ अंशांवर गेले की ८ टक्क्यांच्याही वर. म्हणून आपल्या पाण्यात आणि आपल्या उन्हाळ्यात थोडा अमोनिया असला तरी चालेल, असे म्हणण्याला जागा नाही. थेंबांचे टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांचे नको. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमच्या वर दिसले की त्या दिवशी पाणी बदला.

काकांच्या मिठाबद्दल मात्र मला आदरपूर्वक वेगळे सांगायचे आहे. नायट्राइट वाढलेले असताना लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ घातल्याने खरोखर उपयोग होतो, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांमधून आत जाणाऱ्या नायट्राइटची वाट अडवते. पण नायट्राइट शून्यावर आल्यावर मिठाचे कारण संपते. मीठ उडून जात नाही. दर वेळी मूठभर टाकत गेलो तर ते साचत राहते आणि आपल्या जड पाण्यात आधीच क्षार भरपूर आहेत.

चाटीगल्ली

वरील दोघांनी टाकी आणि पाणी सांगितले. मी फक्त उन्हाळ्याबद्दल लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी टाकी पश्चिमेच्या खिडकीखाली होती. दुपारी वीज गेली ती चार तास आली नाही. मी दुकानात होतो. घरी आलो तेव्हा पाणी ३४ अंशांवर होते आणि पाच वर्षांचा ओरांडा तळाशी आडवा पडलेला होता.

गोल्डफिशला १८ ते २४ अंशांचे पाणी मानवते. आपल्याकडे बाहेर ४२-४३ अंश असताना ते शक्य नाही, पण पाणी ३० च्या खाली ठेवणे शक्य आहे. मुख्य प्रश्न प्राणवायूचा असतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून हवा बंद पडता कामा नये. एअर पंप जेमतेम चार-पाच वॅटचा असतो. तो इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप मिळतो, तो घ्या. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात आणि जमिनीवर उतरते.

टाकी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला ठेवा. वरच्या मजल्यावर शक्य असेल तर स्लॅबवर पांढरा चुना मारून घ्या. खोलीलाही त्याचा फायदा होतो. टाकीवर काचेचे झाकण न ठेवता जाळी ठेवा आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे पाणी गार होते, आणि आपली हवा कोरडी असल्यामुळे मला त्यातून तीन अंशांपर्यंत फरक मिळतो. कूलर चालू असताना खोलीतील हवा दमट होते, तेव्हा पंख्याचा परिणाम कमी होतो, पण तोपर्यंत खोलीच गार झालेली असते. बर्फ थेट टाकू नका. फारच गरज पडली तर बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली तरंगत ठेवा आणि तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. एअर पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डासांची कॉइल, फवारा, प्लगमध्ये लावायचे औषध यांतील द्रव्ये माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशांना अत्यंत विषारी आहेत. टाकीच्या खोलीत ती वापरू नका, खिडक्यांना जाळी लावा. फरशी पुसताना फिनेल वापरलेला हात टाकीत घालू नका.

शेवंती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. काकांकडून स्पंज आणला, मासे त्याच दिवशी पन्नास लिटरच्या टबात हलवले आणि पहिला आठवडा रोज सकाळी पाणी बदलले. पांढऱ्याने चौथ्या दिवसापासून वर येऊन हवा गिळणे बंद केले. तीन फुटी टाकी तयार होऊन आली, आठवडाभर कोरडी ठेवली, एक दिवस पाणी भरून गळती पाहिली. स्टँड आतल्या भिंतीला लावला आहे आणि पंप इन्व्हर्टरवर आहे. आज टबातील अमोनिया शून्य आणि नायट्राइट ०.२५ आले; मुलीने थेंब मोजून घातले आणि आकडे वहीत लिहून ठेवले. बोअरच्या पाण्यातील नायट्रेट १० आले आहे.

तीन शंका आहेत. नायट्राइट पूर्ण शून्य होईपर्यंत टाकीत हलवायला थांबावे का? पंखा लावल्यापासून पाणी रोज उतरते, ते कोणत्या पाण्याने भरून काढावे? आणि काळा मासा खाल्ल्यानंतर तासभर शेपूट वर करून तरंगतो, हा आजार आहे का?

प्रयोगशाळा

थांबू नका. दुप्पट पाण्यात तेवढेच जिवाणू आणि तेवढेच मासे गेले तर नायट्राइट आणखी विरळ होईल, फक्त स्पंज माशांसोबत हलवा आणि टबातील पाणीही टाकीत घ्या. पुढचे दोन आठवडे दिवसाआड तपासा.

उतरलेल्या पाण्याचा प्रश्न फार योग्य विचारलात. माझ्याही तीन फुटी टाकीतून एप्रिलमध्ये दिवसाला दोन लिटर पाणी उडते. उडते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतात. त्या जागी रोज बोअरचे पाणी घालत गेलात तर महिन्याभरात टाकीचे पाणी बोअरपेक्षाही जड होईल. म्हणून उडालेले पाणी भरून काढण्यासाठी आरओचे पाणी वापरा आणि आठवड्याच्या पाणीबदलासाठी नेहमीचे मिश्रण. आरओ पाण्याचा माशांसाठी एवढाच उपयोग आहे आणि तो खरा आहे.

बाराबंदी

मिठाचे मला पटले, बाई. माझ्या टाकीतील पाणी मी काल मोजून पाहिले आणि क्षार खरोखर फार साचलेले निघाले; आता पाणीबदलातून हळूहळू कमी करतो आहे.

शेवंतीताई, काळ्याला आजार नसावा. तुम्ही तरंगणारे दाणे देत असणार. मूर आणि ओरांडा वरचे दाणे टिपताना हवाही गिळतात, आणि अंग आखूड असल्यामुळे आतडे दाटीने बसलेले असते. गोल्डफिशला पोटाची पिशवी नसते, खाल्लेले थेट लांब आतड्यात जाते. बुडणारे दाणे आणा, ते टाकीतल्याच पाण्यात मिनिटभर भिजवून द्या, आणि दोन मिनिटांत संपतील एवढेच द्या. आठवड्यातून एक दिवस दाणे न देता उकडलेला मटार साल काढून, नखाने कुस्करून द्या. पाव, चुरमुरे, चपातीचा तुकडा कधीही नको; तळ्यातल्या माशांना आपण टाकतो म्हणून मुले घरीही टाकतात, तेवढे मुलीला समजावून सांगा.

हलवताना संध्याकाळची वेळ धरा आणि टाकीचा दिवा बंद ठेवा. टबाचे पाणी टाकीत घेतलेले असले तरी तापमान हाताने न पाहता थर्मामीटरने पाहा; दोन्हींत एक अंशापेक्षा जास्त फरक नसावा. मूरला जाळीने धरू नका, डोळा अडकतो. एक मोठे पातेले पाण्यात आडवे बुडवा, मासा आपणहून आत येईपर्यंत थांबा आणि पातेल्यासकट टाकीत उतरवा. त्या रात्री खाणे देऊ नका. सकाळी दोघेही नवी जागा तोंडाने चाचपत फिरत असतील, तर मुलीला पहिला दाणा टाकू द्या.